पुराव्यांची बेरीज होत नसते

पुणे, रविवार

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल सावकाश वाचली. जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कशी वाढवावी आणि मुलींच्या एचपीव्ही लशीचं (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरच्या लशीचं) काय करावं, यावर टिपण लिहायचं काम तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. तुझी अडचणही कळली. एका फोल्डरमध्ये ट्रायल्स, दुसऱ्यात सर्व्हेचे आकडे, तिसऱ्यात आशाताईंबरोबरच्या गटचर्चा, आणि या तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसत नाही. त्यात कुणीतरी सांगितलं की आरसीटी, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेल्या ट्रायल्स, तेवढ्या पुढे ठेव, गटचर्चा परिशिष्टात ढकल आणि मोकळी हो. तसं करू नकोस. का, ते जरा सविस्तर लिहिते.

पब्लिक हेल्थच्या वर्गात सुरुवातीलाच पुराव्यांचा पिरॅमिड दाखवतात. तळाला केस रिपोर्ट (एकेका रुग्णाची नोंद), मग कोहोर्ट (चिठ्ठ्या न टाकता, आहेत त्याच गटांचा पाठपुरावा), त्यावर आरसीटी आणि शिखरावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा). तो चुकीचा नाही, पण तो एकाच प्रश्नापुरता आहे: या उपायानं फरक पडतो का? तुझ्या टिपणापुढे याखेरीज आणखी प्रश्न उभे आहेत. आजार इथे किती आहे? उपाय दुसरीकडे चालला, तो आपल्याकडे चालेल का? बायका येतील का? आलेल्या बाईत काही सापडलं तर पुढे तिला कुठे पाठवायचं? आणि माणसं, पैसा कुठून आणायचा? आजार किती, हे जगातली कुठलीही आरसीटी सांगणार नाही. ते कॅन्सर रजिस्ट्री सांगेल. बाई दारापर्यंत येऊन परत का जाते, हे रजिस्ट्री सांगणार नाही. ते ती बाईच सांगेल. म्हणून पेपर गोळा करण्याआधी प्रश्न सुटे कर आणि मग प्रत्येक प्रश्नाखाली त्याचा त्याचा पुरावा लाव. पिरॅमिड फक्त 'फरक पडतो का' या प्रश्नाखाली वापर.

आता तुझ्या तक्त्याकडे येते. व्हीआयएपुढे, म्हणजे व्हिनेगर लावून डोळ्यांनी केलेल्या तपासणीपुढे, तू दोन 'हो' आणि एक 'नाही' लिहिलंस आणि खाली 'संमिश्र पुरावा' असा शेरा मारलास. हा शेरा वाचून जिल्हा आरोग्य अधिकारी काय करतील? काहीच करणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. हो आणि नाही मोजून पुरावा कळत नाही. ते तिन्ही अभ्यास पुन्हा उघड.

तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात प्रशिक्षित नर्सनी ३० ते ५९ वयाच्या बायकांची एकदाच व्हीआयए केली, आणि २००७ साली आलेल्या निष्कर्षात या कर्करोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी दिसले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या केल्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०१४ मध्ये, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचं प्रसिद्ध झालं. तिसरा अभ्यास आपल्या उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि त्यांचे सहकारी. ५२ समूह, १,३१,७४६ बायका, चार गट: एचपीव्ही चाचणी, पॅप (पेशी काचेवर घेऊन तपासणं), व्हीआयए आणि नेहमीची सेवा. एकच फेरी. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात कंट्रोल, म्हणजे नेहमीच्या सेवेच्या, गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४, व्हीआयए गटात ५६. एचपीव्हीचा फरक स्पष्ट होता, व्हीआयएचा सांख्यिकी कसोटीवर उतरला नाही. इथे तू 'नाही' लिहिलंस.

पण तिथला हॅझार्ड रेशो (कंट्रोल गटाच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाण; १ म्हणजे फरक नाही) बघ: ०.८६, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो, ०.६० ते १.२५. म्हणजे मृत्यू ४० टक्क्यांनी कमी झाले असणंही या आकड्यांत बसतं आणि २५ टक्क्यांनी वाढले असणंही बसतं. दिंडिगुलची ३५ टक्के घट या पट्ट्याच्या आतच आहे. धाराशिवनं व्हीआयएला 'नाही' म्हटलेलं नाही, 'मला नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हटलंय. पी व्हॅल्यू (सांख्यिकी कसोटीचा आकडा) पाहून पान उलटायची सवय लागली की हा फरक हातातून निसटतो, आणि धोरणाच्या कामात तो महागात पडतो.

मग तिन्ही एकत्र ठेवून काय दिसतं? व्हीआयए ही डोळ्यांवर चालणारी तपासणी आहे. स्पेक्युलम लावायचा, गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्क्यांचं अॅसेटिक अॅसिड कापसाच्या बोळ्यानं लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि भरपूर उजेडात बघायचं. ठळक कडांचा पांढरा डाग उठला तर पॉझिटिव्ह. बघणारीचा हात आणि नजर चांगली असेल, तिच्यावर कुणाची देखरेख असेल, फेऱ्या पुन्हा पुन्हा होत असतील, तर हिचा उपयोग होतो. एचपीव्ही चाचणी नजरेवर अवलंबून नाही, म्हणून एकाच फेरीतही ती टिकली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी पाच वर्षांतून एकदा व्हीआयएच धरलेली आहे, आणि ती का धरली तेही समजण्यासारखं आहे: व्हिनेगर स्वस्त, उत्तर जागच्या जागी. तुझ्या टिपणातला खरा मुद्दा हा आहे. आपल्या जिल्ह्यात नजर तयार करायची, की चाचणी विकत घ्यायची? 'संमिश्र पुरावा' म्हटल्यानं तो झाकला जातो.

जाता जाता एक सांगते, आणि हे टिपणात यावं असं मला वाटतं. या ट्रायल्सच्या कंट्रोल गटातल्या बायकांना तपासणी दिली गेली नाही, आणि ते नैतिकदृष्ट्या योग्य होतं का यावर पुढे मोठा वाद झाला. ६४ हा आकडा लिहिताना त्या ६४ बायका होत्या हे विसरू नकोस. त्यांच्यामुळे जे कळलं ते वापरात आणणं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

लशीचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते.

२००९ मध्ये भारतात एक मोठी ट्रायल सुरू झाली. तीन डोसांऐवजी दोन पुरतील का, हा प्रश्न. तिच्या केंद्रांत पुणे होतं, बार्शीही होतं. वीस हजार अविवाहित मुली घ्यायच्या होत्या. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात एचपीव्ही लशीचा एक वेगळा प्रात्यक्षिक प्रकल्प चालू होता. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही, पण संमती ज्या रीतीनं घेतली गेली त्यावर कडक टीका झाली. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं देशातलं असं सगळंच लसीकरण थांबवलं. दोन की तीन डोसांच्या त्या ट्रायलमध्ये तोवर १७,७२९ मुली आल्या होत्या, आणि त्यांतल्या ४,९५० जणींना एकच डोस मिळालेला होता. पुढचा डोस त्यांना मिळालाच नाही.

संशोधकांनी या मुलींना सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं त्यांची माहिती ठेवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनं ९५.४ टक्के संरक्षण, तीन डोसांनी ९३.३ टक्के.

आता पिरॅमिडवाला म्हणेल, ही आरसीटी उरली नाही, कोहोर्ट झाली, खाली ठेवा. तू असं विचार: कोहोर्टवर आपला अविश्वास कशासाठी असतो? साधारणपणे एक डोस घेऊन थांबणारी मुलगी आणि तिन्ही घेणारी मुलगी मुळातच वेगळ्या असतात. घरची परिस्थिती वेगळी, दवाखान्याचं अंतर वेगळं, आईचं शिक्षण वेगळं. इथे थांबणं कुणाच्या घरातून ठरलं नव्हतं, ते दिल्लीतून ठरलं. त्यामुळे ती नेहमीची शंका बरीच सैल होते. तरी एक दुबळी बाजू राहतेच: लस न घेतलेल्या बायकांचा तुलनेचा गट नंतर जमवलेला होता.

मग केनियाची ट्रायल आली, २०२२ मध्ये. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलींची विभागणी केलेली, १५ ते २० वयोगट, एक डोस, दीड वर्षाअखेर ९७.५ टक्के संरक्षण. रचना चोख, पण दीडच वर्ष, आणि मुली आपल्या लसीकरणाच्या वयाच्या नाहीत. टांझानियाच्या अभ्यासात वय बरोबर, ९ ते १४. पण तिथे संसर्ग मोजलेला नाही, रक्तातली प्रतिपिंडं मोजली आहेत. बघ, भारताचा अभ्यास लांब पल्ल्याचा पण रचनेत विस्कटलेला, केनियाचा रचनेत पक्का पण आखूड, टांझानियाचा योग्य वयाचा पण अप्रत्यक्ष. तिघांच्या उणिवा तीन ठिकाणी आहेत आणि तिघांचं म्हणणं एक आहे. एकाच प्रकारचे, एकाच उणिवेचे दहा अभ्यास एका सुरात बोलले असते तर माझा एवढा विश्वास बसला नसता, कारण तीच चूक दहांनीही केलेली असू शकते. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं एका डोसला मान्यता दिली ती असा सगळा पुरावा समोर ठेवून.

पुरावे एकत्र करणं म्हणजे माझ्या लेखी हेच. बेरीज करायची नसते. प्रत्येकाची लंगडी बाजू ओळखायची आणि ती सावरणारा दुसरा कोण आहे ते शोधायचं. कुणीच सावरत नसेल तर तिथे पोकळी आहे असं स्पष्ट लिहायचं. उदाहरणार्थ, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक लशीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली, पण वर सांगितलेल्या अभ्यासांतल्या लशी दुसऱ्या कंपन्यांच्या होत्या. एका डोसचा निष्कर्ष या लशीला लावताना आपण एक पाऊल पुढे टाकतो आहोत, हे टिपणात वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

'दुसरीकडे चाललं, इथे चालेल का' या प्रश्नासाठी एक उदाहरण कायम जवळ ठेव. दिवस भरण्याआधी प्रसूती होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, बाळाची फुप्फुसं तयार होतात. १९७२ पासून यावर ट्रायल्स झाल्या, आणि वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात जो आलेख आहे तो याच विषयाचा. इतका भक्कम पुरावा. मग सहा देशांत, आपल्याकडे नागपूर आणि बेळगाव भागात, हे औषध गावपातळीपर्यंत नेऊन पाहिलं. २०१५ मध्ये निकाल आला: एकूण नवजात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. हजारी २७.४, तुलनेच्या गटात २३.९. गरोदरपणाचे आठवडे नीट ठरवता येत नव्हते, त्यामुळे गरज नसलेल्या पुष्कळ बायकांना इंजेक्शन मिळालं. त्यानंतर भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीनं आठवडे मोजलेले आणि नवजात बाळांची काळजी घेऊ शकणारी रुग्णालयं निवडून पुन्हा ट्रायल झाली. २०२० मध्ये त्याच औषधानं मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध बदललेलं नव्हतं. त्याच्या भोवतीची व्यवस्था बदलली होती, आणि ती व्यवस्था मेटा-अॅनालिसिसच्या हिऱ्यात, म्हणजे सगळ्या ट्रायल्सचा एकत्रित आकडा दाखवणाऱ्या खुणेत, दिसत नाही.

आता त्या गटचर्चा, ज्या तुला परिशिष्टात ढकलायला सांगितल्या.

घाटमाथ्याकडच्या एका उपकेंद्रात मी व्हीआयए होताना पाहिली आहे. खोलीचं दार ओसरीत उघडायचं, आणि ओसरीवर लसीकरणाला आलेल्या सासवा-सुना बसलेल्या. पडदा होता, पण खिडकीला. सिस्टरनी एका आशाताईंना दाराला पाठ लावून उभं केलं. दिव्याची मान सैल होती, म्हणून डाव्या हातात मोबाइलचा टॉर्च. व्हिनेगर लावल्यावर त्या मनातल्या मनात साठ आकडे मोजत होत्या, आणि मध्येच कुणीतरी बाहेरून बाळाचं कार्ड मागितलं. काम त्यांनी नेटानं केलं. पण रांगेतल्या दोघी-तिघी तपासणी न करताच उठून गेल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "दार उघडलं की समद्या आत बघत्यात." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी १.९ टक्के बायकांनी कधीतरी ही तपासणी केलेली होती. त्या आकड्याचं एक कारण त्या दारात आहे. सर्व्हेनं 'किती' सांगितलं, त्या बाईनं 'का' सांगितलं. दोन्ही एकाच ओळीत लिहायच्या गोष्टी आहेत.

मुलाखतींनाही कसोटी लावायची असते, हे मात्र खरं. एका गावची एक चर्चा म्हणजे जिल्हा नव्हे. वेगवेगळ्या तालुक्यांत, वेगवेगळ्या वयाच्या आणि जातींच्या बायकांकडून तीच गोष्ट पुन्हा आली का, चर्चा घेताना सरपंचबाई किंवा सासू शेजारी बसली होती का, न येणाऱ्या बायकांशी कुणी बोललं का, हे बघ. तुझ्या चर्चा सगळ्या तपासणी करून घेतलेल्या बायकांच्या दिसतात. न आलेल्यांकडे जा.

कुठल्याही ट्रायलमध्ये न मोजलेला एक धोकाही याच मार्गानं कळतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. तरुण वयात पिशवी काढलेल्या कितीतरी बायकांनी सांगितलं की अंगावरून जात होतं, डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली. आता विचार कर, आपण त्याच बाईला उपकेंद्रात तपासून 'पांढरा डाग आहे, पुढे दाखवा' म्हणून चिठ्ठी दिली आणि सरकारी उपचार जवळ नसले, तर ती चिठ्ठी घेऊन कुठे जाईल? म्हणून 'तपासणी किती झाल्या' हा पोर्टलवरचा आकडा तुझ्या टिपणात एकटा येऊ देऊ नकोस. पॉझिटिव्ह आलेल्या किती जणींवर किती दिवसांत उपचार झाले, हे त्याच्या शेजारी पाहिजे. थर्मल अॅब्लेशनचं (दोषी भाग उष्णतेनं नष्ट करणारं) यंत्र बॅटरीवर चालतं, गॅसच्या सिलिंडरची कटकट नाही, ते ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेता येतं. ही सोय आधी, मोठी मोहीम नंतर.

आणखी एक. दिवाळीच्या सुमारास बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्यापर्यंत कोप्यांमध्ये राहतात. त्या बायका इथल्या आशाताईंच्या यादीत नसतात आणि गावाकडच्या यादीत असून सापडत नाहीत. तुझ्या तक्त्यातली 'पात्र स्त्रिया' ही संख्या यादीवरून काढलेली आहे, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज त्या छेदातच, ज्या संख्येनं भागायचं तिच्यातच, नाहीत. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे मुकादमांच्या टोळ्यांची माहिती असते, तिथून सुरुवात करता येईल. कुणाला आधी द्यायचं हे पुरावा ठरवत नाही, ते माणसं ठरवतात. पण कोण सुटलंय हे त्यांच्यासमोर ठेवणं आपलं काम आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात. तपासणीच्या किटच्या किमतीवर थांबू नकोस. व्हीआयए स्वस्त दिसते ती सिस्टरचा वेळ, वारंवार प्रशिक्षण आणि खोट्या पॉझिटिव्ह बायकांचे हेलपाटे न धरल्यामुळे. खोट्या पॉझिटिव्ह बाईची बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे.

लिहिताना खात्रीची पातळी उघड सांग. 'एका डोसबद्दल बऱ्यापैकी खात्री', 'आपल्या सिस्टर्स पाच वर्षं व्हीआयएचा दर्जा टिकवतील याबद्दल फार कमी खात्री', अशा साध्या शब्दांत. अधिकाऱ्यांना हे आवडत नाही असं तुला कुणी सांगेल. माझा अनुभव उलटा आहे. किती वाळूवर आणि किती खडकावर उभं आहोत हे कळलं की ते जास्त धीरानं ठरवतात, आणि चुकलं तर मागे यायची सोय आधीच करून ठेवतात.

आता लगेच करायचं ते एवढंच. जुना तक्ता बाजूला ठेव आणि नवा चार रकान्यांचा कर: प्रश्न, पुरावा काय म्हणतो, तो कुठे कमी पडतो, आणि ती उणीव दुसरं कोण भरून काढतं. पहिले दोन रकाने तुझ्याकडे जवळजवळ तयार आहेत. तिसरा प्रामाणिकपणे भर, चौथ्यात जिथे काही नसेल तिथे कोरं ठेव, ओढूनताणून भरू नकोस. त्या कोऱ्या चौकटींवरूनच न आलेल्या बायकांशी काय बोलायचं ते प्रश्न निघतील. मसुदा वर पाठवण्याआधी एखाद्या उपकेंद्राच्या सिस्टरना आणि दोन आशाताईंना वाचून दाखव, त्या कुठे थांबवतात ते लिहून ठेव. गुरुवारी दुपारनंतर मी घरीच आहे. तक्ता घेऊन ये, बसून बघू.

तुझी,
मॅडम